बारा बाय आठ

आरोलकरांच्या फ्लेक्सच्या दुकानात
चार वर्षं मी चेहरे उजळते.
वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्यासमोर.
माउस माझ्या हातात, रंग गिऱ्हाईकाच्या डोक्यात.
साडीचं दुकान, पार्लर, नर्सिंगचा कोर्स,
इन्व्हर्टरची बॅटरी.
बॅटरीलासुद्धा शेजारी एक मुलगी लागते,
हसरी, उघड्या दंडाची.
ती कुठली, कोणी विचारत नाही.
इंटरनेटवरून उतरवलेली असते,
केसांना खारा वारा कधी न लागलेली.

पण पाडव्याला सराफांना
आपल्या भागातलीच मुलगी हवी होती.
आली ती प्रणिता गिरप.
दहावीत माझ्या मागच्या बाकावर बसायची,
पहाटे आईबरोबर लिलावाला उभी राहून मग शाळेत.
बांगड्यांचा वास जावा म्हणून
हाताला कोकमाची सालं चोळायची.
आता त्याच हातात बांगड्या, चार चार तोळ्यांच्या,
फोटो झाल्यावर मोजून परत घेतलेल्या.

डाव्या भुवईत तिच्या लहानपणी गरी घुसली होती.
तिथे केस उगवलेच नाहीत,
तांदळाच्या दाण्याएवढी वाट राहिली.
मी ती बुजवली.
त्या ब्रशचं नाव हीलिंग.
मग गाल, मग गळा, मग कोपर.
आरोलकर खुर्चीमागे उभे: अजून दोन पॉइंट.
मी म्हटलं, सोनं सावळ्यावर जास्त उठतं.
"उठता गो," ते म्हणाले, "पण खपणा नाय."
मी अजून दोन पॉइंट दिले.

बारा बाय आठ. मासळी बाजाराच्या नाक्यावर.
खाली तिची आई पेडव्यांचा वाटा लावून बसलेली.
मी मासे घ्यायला गेले तेव्हा
तिनं मान वर करून कितीतरी वेळ बघितलं,
मला विचारलं, "ह्या कोणाचा चेडू गो?"
प्रणिता शेजारीच होती, बर्फ फोडत.
"दुकानाचा," म्हणाली,
आणि इतकी हसली
की बर्फाचा तुकडा माझ्या पायावर आला.

त्या महिन्यात तीन मुली आल्या
पासपोर्ट फोटो घेऊन.
प्रणितासारखं करून दे.
एक तर नववीतली, गणवेशातच.
मी करून दिलं. तिच्याकडून पैसे घेतले नाहीत,
का ते मला अजून कळलेलं नाही.

आणि एका रात्री शटर अर्धं ओढून
माझा स्वतःचा, स्थळांना पाठवायचा.
दोन पॉइंटनी सुरू केलं होतं.
नऊवर थांबले.
कणकवलीची माणसं आली,
माझ्याकडे बघितलं, मोबाइलमध्ये बघितलं,
मग बराच वेळ पोह्यांकडे.

मेअखेर होड्या वर ओढल्या.
फ्लेक्स उतरवला तो गिरपांनीच मागून नेला,
होडीवर घालायला, चेहरा वर करून.
ऊन आधी गुलाबी खातं, मग पिवळं.
मला माहीत आहे, शाई मीच भरते.
उरतं ते निळं.
निळ्या प्रणितावर कावळे बसले,
पावसाचं तळं साचलं, त्यात बेडूक.
मला वाटायचं, फाटलं तर भुवईपाशी फाटेल.
नाही.
फाटलं ते सराफाच्या नावापाशी,
तेही नारळी पौर्णिमेला, दोरी सोडताना.

ओरिजिनल फाइल मी अजून ठेवली आहे.
डिस्क भरलीय म्हणून आरोलकर दोनदा ओरडले.
कधी कधी जेवणाच्या सुट्टीत उघडते,
मोठी करत करत जाते,
भुवईतल्या त्या वाटेपर्यंत.
तिथे काही नाही. कातडी आहे.

आज दिवाळीचे फोटो आले.
प्रणिताच. या वेळी पाच हजार.
पहिल्यांदा भुवईच बघितली.
पेन्सिलनं भरून आलीय,
केस न् केस ओढून, इतकं सफाईदार
की मलाही जमलं नसतं.

बरं झालं, आरोलकर म्हणाले,
वेळ वाचला.